ब पक्षाची पुतणी

कायद्याच्या वाटेला जाण्याआधी मी आमच्या सोसायटीची मानाची लेखिका होते. नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या इमारतीत कुणाचं काही अडलं की मला चहाचं बोलावणं यायचं आणि कप रिकामा होईपर्यंत अर्ज तयार असायचा. ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’ हे माझ्या बोटांतून आपोआप पाझरायचं. रस्त्यावरचे दिवे बंद असल्याबद्दल महापालिकेला मी जो अर्ज लिहिला त्यात अंधाराचं वर्णन इतकं उतरलं होतं, की अध्यक्षांनी तो गणपतीत सगळ्यांसमोर वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. दिवे काही लागले नाहीत, पण साहित्याकडून माणसाने किती अपेक्षा ठेवायची?

मुलगी कॉलेजात गेली आणि घरात माझी गरज किल्ल्या कुठे आहेत हे सांगण्यापुरती उरली. त्याच सुमारास गंगापूर रोडकडच्या एका संस्थेत पॅरालीगलचा अभ्यासक्रम सुरू होत असल्याचं कळलं. वकिलाच्या हाताखाली संशोधन करणं, कागद तयार करणं, टिपणं लिहिणं. ‘विधी संशोधन व लेखन’ हा त्यातला मुख्य विषय होता. लेखन म्हटल्यावर मी निर्धास्त झाले. नवरा म्हणाला, “तुला शिकवणार काय ते?” त्याला हे कौतुकाने म्हणायचं होतं, असं मी तेव्हा धरून चालले.

हा विषय शिकवायला एक मॅडम होत्या. बरीच वर्षं कोर्टात वकिली करून नंतर शिकवण्याकडे वळलेल्या. बारीक अंगाच्या, आवाज हळू, हातात हिरव्या शाईचं पेन. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, “घरातून निघाल्यापासून वर्गात पोचेपर्यंत काय घडलं ते लिहा. विशेषण वापरायचं नाही.”

मी लिहिलं, की सीबीएस बसस्थानकाच्या चौकात एका बेदरकार रिक्षाचालकाने अत्यंत बेजबाबदारपणे वळण घेऊन एका निष्पाप महिलेच्या जीवितास गंभीर धोका निर्माण केला.

मॅडमनी वाचलं. “निष्पाप महिला कोण?”

“मी.”

“ते कोर्ट ठरवेल,” असं म्हणून त्यांनी हिरवी रेघ ओढली. मग बेदरकार गेला, अत्यंत गेलं, गंभीर गेलं. शेवटी माझ्या परिच्छेदात रिक्षा, चौक आणि मी एवढंच शिल्लक राहिलं. त्यावर त्यांनी समासात विचारलं होतं, ‘रिक्षा कुठून कुठे वळली?’ ते मला आठवेना. माझा सगळा वेळ निष्पाप वाटण्यात गेला होता.

माझ्या शेजारी देवळाली कॅम्पातले एक निवृत्त हवालदार बसायचे. तोफखान्यात नोकरी झाली, मुलं मार्गी लागली, आता सैनिकांच्या विधवांना कागदपत्रांत मदत करायची म्हणून ते आले होते. त्यांच्या कागदावर दोनच शब्द होते. ‘निघालो. पोचलो.’

“मधे काय घडलं?” मॅडमनी विचारलं.

“काही नाही मॅडम. घडलं असतं तर रिपोर्ट केला असता.”

मॅडम म्हणाल्या, तुम्ही दोघं शेजारी बसता ते बरं आहे, थोडं थोडं एकमेकांना देत चला. तेव्हापासून मी माझे उतारे हवालदारांना दाखवायची आणि ते निम्मे खोडून परत द्यायचे. त्यांचे उतारे मी तपासायची तेव्हा मात्र पंचाईत व्हायची. एका काल्पनिक अपघाताच्या टिपणात त्यांनी ट्रक, रस्ता, दिशा सगळं बरोबर लिहिलं होतं, फक्त माणूस मेला की वाचला हे लिहायचं राहून गेलं होतं.

लिहिण्यापेक्षा संशोधन सोपं जाईल असं मला वाटलं होतं. शोधायचं म्हणजे काय, विचारलं की फोन सांगतो. मॅडमची पद्धत मात्र नव्या सुनेला लावतात तशी शिस्तीची. आधी मूळ कायदा वाचायचा, त्यावरचं कुणाचं पुस्तक नंतर. मग न्यायालयांचे निकाल. निकालाच्या माथ्यावर छापलेला सारांश, ज्याला हेडनोट म्हणतात, तो वाचून थांबायचं नाही, निकाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. आणि मग तो अजून जिवंत आहे का ते बघायचं, कारण वरच्या कोर्टाने तो नंतर मोडीत काढलेला असू शकतो.

“म्हणजे नाडी बघायची,” हवालदार म्हणाले.

त्यांनी एकदा फोनमधल्या त्या सर्वज्ञ यंत्राला पेन्शनबद्दल प्रश्न विचारला. यंत्राने अदबीने ‘सर’ म्हणून पक्षकारांच्या नावांसकट, खंड आणि पानासकट एक निकाल दिला. हवालदारांनी ग्रंथालयात तो खंड काढून घेतला. त्या पानावर साखर कारखान्याच्या मळीवरच्या कराचा वाद होता. मागचं पुढचं पानही त्यांनी बघितलं, तिथेही मळीच. खंड मिटून ते मला म्हणाले, “ताई, हा खोटं बोलतो, पण तोंडावर घाम नाही.”

अशा रीतीने माझं शिक्षण रांगत चाललं होतं, तेवढ्यात चांदवडहून काकांचा फोन आला.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यापासून माहेर म्हणजे काका आणि काकू. चांदवडजवळ त्यांची शेती, कांद्याची. मी कायद्याचं काहीतरी शिकते हे कुणीतरी त्यांना सांगितलं होतं आणि गावापर्यंत पोचेतो त्याची वकिली झाली होती.

“पोरी, एक नोटीस लिही. अशी लिही की त्याला ताप आला पायजे.”

“कुणाला?”

“शेजाऱ्याला. दुसरं कोण हाय आपल्याला?”

प्रकरण असं होतं. काकांच्या शेताच्या कडेने एक गाडीवाट जायची. तीच पुढे शेजाऱ्याच्या मळ्यात आणि त्याच्या कांदाचाळीपर्यंत पोचायची. माझ्या लहानपणी मी त्याच वाटेने शेजाऱ्यांकडे खेळायला जायची. उन्हाळ्यात काकांनी जेसीबी बोलावून त्या वाटेवर आडवा चर खणला. माणूस उडी मारून जाईल, पण ट्रॅक्टर जाणार नाही असा. शेजाऱ्याने तहसीलदारांकडे अर्ज केला, आणि आता तहसील कार्यालयाचा कागद घरी आला होता.

“पण चर खणला का काका?”

“जमीन माझी हाय.”

“ती आधीही तुमचीच होती.”

काकांनी पावसाचा विषय काढला. खरं कारण मला काकूने दुसऱ्या दिवशी सांगितलं. शेजाऱ्याच्या मुलाचं लग्न झालं. मांडवात माईकवरून मानकऱ्यांची नावं पुकारून शाल-नारळ देत होते. काकांचं नाव पुकारलंच नाही. म्हणजे पुकारलं, पण सरपंचाच्या साडूनंतर, आणि तोवर काका उठून घरी आले होते. त्या आठवड्यातच जेसीबी आला. सबंध तालुक्यात जमिनीचे वाद जमिनीवरून होतात असा माझा समज होता, तोही त्या दिवशी गेला.

मी मॅडमना विचारलं, घरचंच प्रकरण सत्राच्या मेमोसाठी घेऊ का. मेमो म्हणजे वकिलाला द्यायचं अंतर्गत टिपण, आपली बाजू भांडायची नसते, दोन्ही बाजू तपासून काय होईल ते सांगायचं असतं. मॅडम म्हणाल्या, “घ्या. नावं घालू नका. अर्ज करणारा अ, त्याला विरोध करणारा ब. आणि एक लक्षात ठेवा, ब तुमचा काका आहे हे कागदाला कळता कामा नये.”

मूळ कायदा सापडायला त्रास झाला नाही. मामलेदार न्यायालयांचा जुना कायदा आहे, इंग्रजांच्या काळातला. शेतात जाण्याच्या वहिवाटीच्या रस्त्याला कुणी अडथळा केला, तर सहा महिन्यांच्या आत अर्ज आल्यास तहसीलदार तो अडथळा दूर करायला सांगू शकतात. कलम पाच. इतकं सरळ लिहिलेलं कलम बघून मला वाईटच वाटलं. काकांना उपयोगी पडेल अशी एखादी फट, एखादा अंधारा कोपरा, काहीच नाही. उन्हाळ्यात खणलेल्या चराला सहा महिने व्हायला अजून अवकाश होता. मालकी कुणाची, हा प्रश्नच कलम विचारत नव्हतं. ते विचारत होतं की वाट वापरात होती का, आणि अडवली का. त्या वाटेवर मी स्वतः गुडघे फोडून घेतले होते, त्यामुळे ‘वापरात नव्हती’ असं लिहायला हात धजेना.

तरी मी हिंमत सोडली नाही. निकाल शोधायला बसले आणि तिसऱ्या दिवशी सोनं सापडलं. एका निकालात स्वच्छ लिहिलं होतं, की शेजारधर्म म्हणून कुणाला जाऊ येऊ दिलं, तर त्याची नुसती सवय होते, हक्क होत नाही. मी ते वाक्य हिरव्या शाईतच उतरवून घेतलं. काकांची बाजू यातच होती. शेजारधर्म! केवढा मोठा शब्द, आणि काकांनी तो कधीकाळी पाळलेलाही होता.

हवालदारांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला. “हे कोण बोलतंय ताई?”

“कोर्ट.”

“नक्की? परिच्छेदाची सुरुवात कुठं आहे?”

परिच्छेदाची सुरुवात मागच्या पानावर होती. तिथे लिहिलं होतं, की विरोधकांच्या विद्वान वकिलांनी असा युक्तिवाद केला. माझं सोनं म्हणजे विद्वान वकिलांचं म्हणणं होतं. चार पानांनंतर कोर्टाने ते वाचून दाखवल्यासारखं करून शांतपणे फेटाळलं होतं. विद्वान हा शब्द कोर्टात ज्याचं ऐकायचं नाही त्याच्या मागे लावतात, हे त्या दिवशी कळलं.

त्याच रविवारी मी चांदवडला गेले. पाऊस चांगला झालेला होता. काकांनी मला चर दाखवायला नेलं, एखादा माणूस नवीन बांधलेला बंगला दाखवतो तसं. चरात पाणी साठलं होतं. पलीकडे शेजारी आणि त्याची बायको डोक्यावर गोण्या घेऊन बांधाबांधाने ओढ्याच्या अंगाने रस्त्याकडे चालले होते. चाळीत ओल धरली की कांदा सडायला लागतो, त्यामुळे होईल तसा माल ते बाहेर काढत होते. चिखलात त्यांचे पाय घोट्याच्या वर रुतत होते. मला बघून शेजारी थांबला. हा माणूस मला खांद्यावर घेऊन बैलपोळ्याला फिरवायचा.

“कधी आलीस गं? चहाला ये,” तो सवयीने म्हणाला. मग चराकडे बघितलं. “ये म्हणलं खरं. पण येशील कशी?”

काकांनी घसा खाकरला आणि आभाळाकडे बघितलं. शेजाऱ्याच्या बायकोने मात्र माझ्याकडे बघितलंही नाही. ती पुढे निघून गेली.

परतताना मी काकांना कलम पाच सांगितलं. सोप्या भाषेत, विशेषणांशिवाय. ते ऐकून घेत होते असं मला वाटत होतं. घरी आल्यावर त्यांनी खुंटीवरच्या पिशवीतून एक जाडजूड कागदांचा गठ्ठा काढला.

“तुझं शिकणं होईस्तोवर थांबलो नाय. तालुक्याला वकील दिला. हे बघ म्हणणं.”

विरोधक कोर्टात जे उत्तर देतो त्याला म्हणणं म्हणतात. काकांचं म्हणणं भारदस्त होतं. सदरहू अर्जदार हा अत्यंत कावेबाज, खोटारडा व विघ्नसंतोषी इसम असून, असं पहिल्याच पानावर होतं. शेजाऱ्याचा अर्ज खोटा, लबाडीचा, तथ्यहीन, निरर्थक आणि म्हणूनच फेटाळण्यास पात्र होता. इतक्या सढळ हाताने विशेषणं मीही कधी वापरली नव्हती. मला आपल्या गुरुबंधूला भेटल्यासारखं वाटलं. आणि शेवटच्या पानावर, ठळक अक्षरांत, अवतरणचिन्हांत, माझंच सोनं होतं. नुसती सवय होते, हक्क होत नाही. खाली त्या निकालाचा संदर्भ. उच्च न्यायालयाने म्हटल्याप्रमाणे.

“काका, हे उच्च न्यायालयाने म्हटलेलं नाही.”

“छापलंय की.”

“हे हरलेल्या माणसाच्या वकिलाने म्हटलंय.”

“वकीलच ना? मग बरोबर हाय.”

सोमवारी मी काकांबरोबर त्या वकिलांकडे गेले. दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती, खाली खतांचं दुकान. वकीलसाहेब हसतमुख होते. मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं, की ते वाक्य युक्तिवादातलं आहे, निकाल त्याच्या उलट आहे, आणि समोरच्यांनी तो काढून बघितला तर आपल्यावरच शेकेल. माझ्या मोबाइलवर ते पान उघडूनही दाखवलं.

त्यांनी पान बघितलं. मोबाइल परत दिला. “ताई, अख्खा निकाल कोण वाचतं?”

“मी वाचला.”

“तुम्ही शिकताय. शिकताना वाचावंच लागतं.” मग काकांकडे वळून म्हणाले, “हुशार आहे हो पुतणी. पुढं माझ्याकडंच पाठवा.”

काका इतके खूश झाले, की उतरताना जिन्यात मला म्हणाले, “बघ, तुझं काम झालं.”

संतापाने मी नाशिकला आले. त्या तिरीमिरीत मेमोचा पहिला खर्डा लिहिला. त्यात काकांचे वकील होते, खतांचं दुकान होतं, चिखलात रुतणारे पाय होते, व्यवस्थेचा ऱ्हास होता. मॅडमनी तो वाचून न खोडता परत दिला. माझ्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होतं.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “दिवाळी अंकाला पाठवा. मेमो कधी देताय?”

“मॅडम, तिथं माणसं डोक्यावरून कांदा वाहतायत.”

“मग तेवढंच लिहा. कोण वाहतंय, कुठून, किती लांबून, कशामुळे. तुम्ही चिडलात हे वाचून कुणी चर बुजवणार नाही.”

मी पुन्हा बसले. एकेका वाक्याला विचारलं, कोण, काय केलं, कुणाला. सदरहूला निरोप दिला. उपरोक्तला निरोप देताना मात्र जीव हळहळला, इतकी वर्षं घरात असल्यासारखा होता तो. शेवटी मेमो दोन पानांत बसला. अ हा शेतकरी आहे. ब हा त्याचा शेजारी आहे. ब च्या शेताच्या कडेने एक वाट अ च्या शेतात जाते. ती अनेक वर्षांपासून वापरात आहे. ब ने उन्हाळ्यात तिच्यावर चर खणला. अ चा ट्रॅक्टर आता शेतात जाऊ शकत नाही. कायदा काय म्हणतो, ब काय म्हणू शकेल, ते का टिकणार नाही, आणि पुढे बहुधा काय होईल. काकांच्या वकिलांनी दिलेल्या निकालाचाही त्यात उल्लेख होता, तो प्रत्यक्षात कुणाच्या बाजूने आहे हे एका वाक्यात सांगून. विशेषण एकही नव्हतं. असं काहीतरी लिहिल्यावर घरातला पसारा आवरल्यावर वाटतं तसं वाटलं, आणि थोडं ओकंबोकंही.

मॅडमना देण्याआधी मी तो काकांना व्हॉट्सअपवर पाठवला. अर्ध्या तासात फोन आला.

“हे काय लिहिलंस?”

“काका, मी तुम्हाला तोंडी सांगितलं तेच आहे. तुम्ही हरणार आहात.”

“ते ऱ्हाऊ दे. मी ब कसा?”

“म्हणजे?”

“जमीन माझी, वाट माझी, चर माझा. आणि तो अ? त्याला तू बी वर नेऊन बसवलं?”

मी समजावलं, की अर्ज करणारा आधी येतो, यात मान-अपमान नसतो. काका म्हणाले, ते मांडवातबी असंच म्हणत होते. फोन बंद झाला. घरातल्या पहिल्या कायदेविषयक लेखनावर आलेला हा एकमेव आक्षेप होता आणि तो वर्णमालेवर होता.

काकांचा राग आठवडाभर टिकला. त्या आठवड्यात काय झालं ते मला नंतर काकूकडून कळलं. काका फोन चार्जिंगला लावून बाहेर जायचे आणि काकू त्यावर भजनं ऐकायची. एके दिवशी ती भजन लावायला गेली तर समोर मेमोच उघडा होता. काकू सातवीपर्यंत शिकलेली. वकिलाचा गठ्ठा तिने आधी दोनदा वाचायचा प्रयत्न केला होता, कावेबाज इसमापर्यंत जाऊन सोडून दिला होता. हा कागद तिने उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचला. मग मला फोन केला.

“ते ब म्हणजे तुझे काका ना?”

“हो.”

“मग शेवटी लिहिलंय, अधिकारी जागेवर पाहणीला येतील. म्हणजे आपल्या शेतात?”

“चरापाशी. पंचनामा करतात.”

“पंच कोण?”

“गावातलेच कुणीतरी.”

काकूने जरा विचार केला. “सरपंचाचा साडू बी असंल?”

“असू शकेल.”

“आणि मग हे चर बुजवायला लावणार. सगळ्यांसमोर.”

“माझ्या अंदाजाने, हो काकू.”

“अंदाज किती पक्का?”

असा प्रश्न मला मॅडमशिवाय कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं, वाट वापरात होती हे सिद्ध झालं तर पक्का, आणि ते सांगायला सगळा गाव आहे. काकू म्हणाली, “गाव कशाला, मी हाय की. लग्न होऊन त्याच वाटेनं आले.” आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी काका चांदवडला खताची चौकशी करायला गेले होते. काकूने जेसीबीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, दादांना विचारू का. काकू म्हणाली, खणायच्या वेळी मला विचारलं होतंस का? काका संध्याकाळच्या चहाला परतले तेव्हा वाट जागेवर होती आणि तिच्यावरून शेजाऱ्याचा ट्रॅक्टर कांदा भरून निघाला होता. काका मोटारसायकल बाजूला घेऊन उभे राहिले. ट्रॅक्टर त्यांच्यापाशी हळू झाला. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. शेजाऱ्याने मान हलवली. काकांनीही हलवली, असं काकू सांगते. काका म्हणतात, माशी बसली होती.

घरी काय झालं असेल याची मला धास्ती होती. काही झालं नाही. जेवताना काकांनी फक्त विचारलं, कुणी बघितलं का. काकू म्हणाली, सगळ्यांनी बघितलं, आणि मी सांगितलं की तुम्हीच बुजवायला सांगून गेलात. काकांनी आणखी एक भाकरी घेतली.

पुढच्या तारखेला शेजाऱ्याने अर्ज मागे घेतला. काकांच्या मोठेपणाची बातमी तोवर गावात पसरली होती. त्यात काही प्रमाणात काकांचाच हात होता. कोर्टकचेऱ्या करत बसण्यात काय अर्थ, माणुसकी मोठी, असं ते पारावर बोलायला लागले. तालुक्याच्या वकीलसाहेबांनी फोन करून अभिनंदन केलं. त्यांच्या मते म्हणणं इतकं कडक होतं, की समोरच्याने धसका घेऊन माघार घेतली. काकांना हेही पटलं. ज्याला ज्याला विजय हवा होता त्याला तो मिळाला. मला मिळाले गुण, तेही बरे.

मेमोच्या शेवटी मॅडमनी हिरव्या शाईत लिहिलं होतं, ‘निष्कर्ष पहिल्या परिच्छेदात हवा होता.’ बाकी काही नाही. मी त्यांना पुढे काय झालं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “तुमच्या काकूंना समजावून सांगावं लागलं?”

“नाही. पंच कोण असतील एवढंच विचारलं.”

“ते तुम्ही लिहायला हवं होतं,” मॅडम म्हणाल्या. पण पेन उचललं नाही. वर्गात हवालदार माझ्या कानाशी म्हणाले, ताई, हे मेडल समजा, इथं एवढंच मिळतं.

पंधरा-वीस दिवसांनी दुपारी काकूचा फोन आला. आवाज दबका.

“तू ते कायद्यात बघतेस ना, त्यात एक बघ. नवरा जिवंत असताना बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागतं म्हणतात. खरं का?”

“लावता येतं असं ऐकलंय. नक्की बघून सांगते.”

“ऐकलेलं नको. वाचून सांग. आणि तसंच लिहून पाठव, मला कळंल असं.”

“काकांना माहीत आहे का हे?”

“त्यांना काय करायचंय आत्ता?” काकू म्हणाली. “तू आधी वाच तरी. मग काय सांगायचं, कधी सांगायचं, ते मी बघते.”

मी लॅपटॉप उघडला आणि मूळ कायद्यापासून सुरुवात केली.